प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा पुन्हा ढिले होतात

प्रश्न असा आहे की प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजचे, म्हणजे जोडणीच्या चपट्या तबकड्यांचे, बोल्ट स्प्रिंग वॉशर घालून, पाना मारून कच्चून आवळले, तरी महिन्याभरात ढिले पडतात. आणखी जोर लावून आवळण्याआधी फ्लँज उघडा आणि दोन्ही तोंडे नीट बघा.

बोल्टला ताठ स्प्रिंग समजा. आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन फ्लँज एकमेकांवर दाबून धरतो. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) एम १०, म्हणजे १० मिमी व्यासाचा बोल्ट नीट आवळला तर सुमारे अडीच टनांच्या वर दाब देतो. गाडीचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, खरे तर या दाबातून होणाऱ्या घर्षणानेच पुढे जायला हवा. दाब कमी पडला की फ्लँज एकमेकांवर आडवे सरकतात, आट्यांतली पकड क्षणभर सुटते आणि आटे उताराचे असल्याने नट कणाकणाने मागे फिरतो. आडव्या हालचालीचा हा परिणाम गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्येच प्रयोगाने दाखवला. बोल्ट पूर्ण आवळला की स्प्रिंग वॉशर सपाट होतो. मग तो साध्या वॉशरसारखाच, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आता आकड्याकडे या. २० मिमी जाडी पकडणारा हाच बोल्ट पूर्ण आवळला तरी जेमतेम ०.०४ ते ०.०५ मिमी ताणला जातो. फ्लँजच्या मधे रंगाचा थर, गंज किंवा घाण असेल तर ती दबताना एवढी जागा सहज जाते, आणि ताण संपतो. बहुतेक वेळा चूक इथेच असते. दोन्ही तोंडे उघड्या धातूपर्यंत पुसा, कडांना उठलेले धातूचे काठ कानशीने काढा, सीव्ही जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा ग्रीस भरलेला सांधा) असेल तर त्याच्या तोंडावर ग्रीस राहू देऊ नका. ग्रीस राहिले तर घर्षण कमी होते आणि फ्लँज सरकतात.

बोल्ट आणि नट नवे घ्या, ग्रेड मूळचीच (बहुधा १०.९) आणि लांबीही मूळचीच. शक्तीपेक्षा जास्त ताणलेला जुना बोल्ट दिसायला ठीक असतो, पण बाजूच्या नव्यापेक्षा लांब भरतो. आटे ब्रेक क्लीनरने तेलमुक्त करून वाळवा आणि मध्यम ताकदीचा, निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) आट्यांवर लावा. भोक आंधळे, म्हणजे एका बाजूने बंद असेल तर थेंब भोकातही टाका, नाहीतर आत अडकलेली हवा तो वर ढकलते. लाल रंगाचा, जास्त ताकदीचा वापरलात तर पुढे उघडताना २५० अंशांच्या आसपास गरम करावे लागेल, आणि जवळचे सील जळतील ते वेगळेच.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट घेत, दोन-तीन टप्प्यांत जा, शेवटी टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा गाठा. शक्यतो नट फिरवा, बोल्टचे डोके धरून ठेवा. आटे कोरडे की तेलकट यावर तोच टॉर्क वेगळा ताण देतो, कारण लावलेल्या जोरातला फार थोडाच भाग बोल्ट ताणण्यात जातो, बाकी घर्षण खाते. म्हणून मॅन्युअल कोरडे सांगत असेल तर ग्रीस लावू नका. थ्रेडलॉकर पूर्ण घट्ट व्हायला साधारण २४ तास द्या. त्यानंतर ‘जरा आणखी’ म्हणून पाना मारलात तर तो थर तुटतो आणि केलेले सगळे वाया जाते. तपासायचे तर नट आणि फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढा आणि थोडे अंतर चालवून रेघ जुळते का तेवढे बघा.

ज्यांना थ्रेडलॉकर नको त्यांनी उतरत्या दातांच्या जोडीचे वेज वॉशर घ्यावेत. ते खरोखर काम करतात, पण दोघांची उताराची तोंडे एकमेकांकडे करून घाला आणि खाली साधा वॉशर टाकू नका. नायलॉन रिंगचे नट एकदाच वापरायचे, आणि एक्झॉस्टजवळ तर नकोच. १२० अंशांच्या पुढे ती रिंग मऊ होते.

हे सगळे करूनही रेघ सरकली तर बोल्टचा दोष नाही. युनिव्हर्सल जॉइंटला (शाफ्टच्या टोकाच्या फुलीच्या सांध्याला) खेळ आहे का, गिअरबॉक्सचे माउंट फाटले आहे का, शाफ्ट बॅलन्समध्ये आहे का, ते या क्रमाने तपासा.