मोबाईलवरून पैसे द्यायला लागल्यापासून घरात काय बदललं?

तुम्ही विचारलंय की युपीआयमुळे समाजात काय बदललं ते पुस्तकी न सांगता डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. माझं कराडजवळ किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गल्ल्यावर बसून दिसलं तेवढं सांगतो.

पूर्वी बाई पाचशेची नोट घेऊन यायची. ४४० चं सामान व्हायचं, उरलेले ६० रुपये तिच्या बटव्यात जायचे आणि तिथून तांदळाच्या डब्यात. नवऱ्याला हिशोब नसायचा. त्यातूनच भिशीचा हप्ता निघायचा, माहेरी गेल्यावर भाच्याच्या हातावर काही ठेवता यायचं, पोरीच्या सहलीचे पैसे भरले जायचे. कधी नवऱ्याच्याच दुखण्यात तो डबा कामी यायचा.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली आणि हे डबे उघडे पडले. माझ्या आईने पुरचुंडी सोडून वडिलांपुढे ठेवली. १९,००० रुपये निघाले. वडील काही बोलले नाहीत, मोजूनही पाहिले नाहीत, सकाळी तिला घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहिले. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंतची रोकड खात्यात भरली तर प्राप्तिकर खातं चौकशी करणार नाही, असं सरकारला तेव्हा जाहीर करावं लागलं होतं. म्हणजे असा पैसा किती घरांत असेल बघा.

युपीआयही त्याच वर्षी आलं. माझ्या धंद्याला त्याचा फायदाच झाला. सुट्ट्यांची कटकट गेली, उधारी कमी झाली. पण आता सामान बांधून झालं की ताई फोन लावतात, "अहो, ४३७ झालेत, टाका." मी क्यूआरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते कामावरून पैसे टाकतात, काउंटरवरची पेटी बोलते. बरोबर ४३७. पैसा बाईच्या हातातून गेलाच नाही, मग तिच्याकडे उरणार कुठून?

तिचं स्वतःचं खातं आहे की, असं लोक म्हणतात. आहे. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये अनेकींच्या खात्यात येतात. पण आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या खात्याला नंबर मुलाचा, आधारलाही तोच. ओटीपी त्याच्याकडे, पिन त्याने ठरवलेला. "पैसे आले का रे?" असं त्या दर महिन्याला त्यालाच विचारायच्या. मुलगा वाईट नाही. तरीपण स्वतःच्या पैशासाठी विचारावं लागणं मला बरं वाटत नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की घरातल्या बाईचं सिम तिच्याच नावावर आणि तिच्याच फोनमध्ये हवं. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, २०२२ पासून त्यावरूनही युपीआय करता येतं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो. पिन तिने स्वतः टाकावा, आपण मान फिरवून उभं राहावं.

माझी बायको मावशींना घेऊन आधी आधार केंद्रात आणि मग बँकेत गेली. सगळं व्हायला तीन फेऱ्या झाल्या. परवा मावशी दुकानात आल्या, अर्धा किलो शेंगदाणे घेतले, स्वतः पैसे भरले आणि पेटी बोलेपर्यंत तिथेच थांबल्या. खात्यात किती शिल्लक आहे ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि आम्हीही विचारलेलं नाही.