उंच माळावरच्या वाडीत शिक्षक म्हणून नेमणूक झालीय, तिथे राहणं जमेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात वाढलात, झेडपीच्या शाळेवर नेमणूक मंगळवेढ्याच्या दक्षिणेला जतच्या शिवेजवळच्या वाडीत झालीय, नकाशावर सगळं सपाट दिसतंय, मग जो तो दुर्गम दुर्गम का म्हणतोय. मी त्याच पट्ट्यातला. पोटापाण्यासाठी सोलापुरात असतो, पण घर, रान, आईवडील तिकडेच.

जमेल. फक्त पाण्याचा हिशेब आधी समजून घ्या, तिथलं बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे.

सपाट दिसतं ते बरोबरच आहे. डोंगर असा नाही, नुसता लांबच लांब माळ आणि मधून कोरडे ओढे. पण भीमेचा काठ सोडून दक्षिणेला निघालात की जमीन हळूहळू चढत जाते. गाडीत बसलेल्याला ते कळत नाही, पाण्याला बरोबर कळतं. उजनी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, भीमेवरचं १९८० सालचं धरण, एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याचे कालवे उताराने जाणार, आणि आम्ही उताराच्या वर. म्हणजे पाणी उचलूनच आणायचं. त्याला पंप आले, वीजबिल आलं, मंजुरी आली. म्हैसाळ योजनेतलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलत जतकडून आमच्या बाजूला येतं, सांगोल्याकडे टेंभू या दुसऱ्या उपसा योजनेचं. टोकाच्या गावाला ते कधी पोचेल हे विचारू नये. ‘पस्तीस गावांचा पाणीप्रश्न’ हे शब्द मी चड्डीत होतो तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ऐकतोय.

पाऊस जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही जास्त करून परतीचा. मृगावर इथे कोणी फार विसंबत नाही, डोळे लागतात ते उत्तरा आणि हस्ताकडे. बोअर पाचशे-सातशे फूट खाली नेली तरी कित्येकदा नुसता फुफाटाच वर येतो.

प्रत्येक दारापुढे निळी बॅरलं दिसतील, दोनशे लिटरची. उन्हाळ्यात टँकर आला की पाइप सोडायच्या आधी बॅरलच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधतात, गाळ-कचरा वरच राहावा म्हणून. भरलं की झाकण, झाकणावर दगड, नाहीतर शेळ्या तोंड घालतात. आंघोळ लिंबाच्या आळ्यात ठेवलेल्या दगडावर बसून, म्हणजे झाडाचंही भागतं. नळाच्या तोट्या आता बऱ्याच दारांत आल्यात, उन्हाळ्यात त्यांच्यावर अवलंबून राहू नका एवढंच. आणि एक गोष्ट, कोणाच्या घरी गेलात तर पाण्याचा तांब्या भरूनच हातात देतील. प्यायचं तेवढं प्या, पण उरलेलं शहरातल्या सवयीने अंगणात भिरकावू नका. कोणी काही बोलणार नाही, पण सगळे बघतील.

मंगळवेढ्याची ज्वारी तुम्ही ऐकून असाल, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ते सगळं खालच्या काळ्या शिवारातलं वैभव. वर आमच्याकडे मुरूम. बाजरी, हुलगा, मटकी, तूर, आणि ज्याच्याकडे थोडं पाणी आहे त्याचं डाळिंब. डाळिंबाला निचरा लागतो, त्यामुळे कोणी फुकट घेणार नाही असल्या मुरमाड रानात ते झकास येतं. लोकांनी कर्ज काढून शेततळी खोदली, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, ठिबक टाकलं, कडक उन्हाळ्यात टँकर विकत घेऊन झाडं जगवली. मग तेल्या रोग आला. आधी पानावर-फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं, मग व्यापारी बागेकडे फिरकत नाही. तो पसरतो दमट हवेत, पावसाच्या शिंतोड्यांनी. म्हणजे ज्या पावसासाठी नवस बोलायचा तोच बाग घेऊन जाणार! सोलापुरात २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ सांगतात बागेत स्वच्छता ठेवा, झाडाला विश्रांती द्या. सल्ला योग्यच आहे, पण ज्याचा हप्ता थकलाय तो झाडाला विश्रांती कुठून देणार? पुष्कळांनी बागा उपटून टाकल्या.

जनावरांचंही तेच. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावण्या होत्या. घरातलं एक माणूस गुरांबरोबर तिथेच मुक्कामाला. खिलार बैल विकायला माणूस सहजी तयार होत नाही, विकला तर दोन दिवस घरात कोणी नीट जेवत नाही.

आता तुमच्या कामाचं. दिवाळीच्या अमावस्येला हुलजंतीला महालिंगरायाची जत्रा असते. भंडाऱ्याने माणसं, रस्ते, गाड्या सगळं पिवळं होतं, ती चुकवू नका. जत्रा उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल आधीच घेऊन खर्चून झालेली, त्यामुळे जावंच लागतं. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणून तुमचा पट दिवाळीआधी वेगळा आणि नंतर वेगळा दिसेल. मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, पण कोणीतरी कागद घेऊन तिच्या मागे लागावं लागतं, आणि वाडीत तो कोणीतरी म्हणजे बहुतेक तुम्हीच. शिवाय बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. पहिलीचं पोर मान डोलावतंय म्हणून त्याला कळलं असं समजू नका.

राहायला पत्र्याची खोली घेऊ नका, एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर मिळालं तर उत्तम, फक्त पावसाळ्याआधी मालकाने वर पांढरी माती टाकलीय का ते बघून घ्या, नाहीतर गळतं. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका आणि दगड हाताने उलथू नका. फुरसं असतं, दिसायला एवढंसं पण वाईट. चावलंच कोणाला तर देवळात न नेता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथेच मिळते. मोबाइलची काळजी करू नका. उंचावर असल्याने पाणी येत नाही, रेंज मात्र फुल.

मंगळवेढ्यात खोली घेऊन मोटारसायकलवर येजा करणारे गुरुजीही आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण माझं ऐकाल तर पहिलं वर्ष गावातच राहा. आईबाप दिवसभर रानात, संध्याकाळी जेवणं झाल्यावरच ते पारावर सापडतात. पोराला टोळीबरोबर नेऊ नका, आजीपाशी ठेवा, त्याचं मी बघतो, हे त्यांना त्याच वेळी सांगावं लागतं. आणि तेही दसऱ्याच्या आत, कारण त्यानंतर मुकादमाची गाडी ठरलेली असते.