गुडघ्याची झीज की फाटलेली गादी? आईच्या एमआरआयमध्ये 'टेअर' आलंय, ऑपरेशन करावं का?

तुम्ही लिहिलंय की आई 56 वर्षांच्या आहेत आणि चार महिन्यांपासून त्यांचा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतोय. एका डॉक्टरांनी संधिवात सांगितला. दुसऱ्यांनी एमआरआय काढायला लावला, त्यात 'मेडिअल मेनिस्कस टेअर' (गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी फाटलेली) आलं, आणि आता दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलंय. दोघांपैकी कोणाचं खरं मानायचं, हा तुमचा प्रश्न.

मी परळला फिजिओथेरपी करते. असा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं सतत येतात, म्हणून सविस्तर लिहिते. बहुधा दोघांचंही खरं आहे. पन्नाशीनंतर झीज आणि फाटलेली गादी एकाच गुडघ्यात नांदतात. आईंना आत्ता जे दुखतंय ते कशाने, हे शोधायचंय, आणि ते फोटोपेक्षा त्यांच्या तोंडून जास्त कळेल.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. संधिवातात तो झिजतो, हाडाला कंगोरे फुटतात. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. एमआरआयमधलं टेअर त्या गादीचं आहे.

आईंना पहिलं हे विचारा: दुखणं सुरू कसं झालं? तरुण माणसाला दिवस आठवतो. खेळताना पाय रोवलेला राहिला, शरीर फिरलं, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. हे गादी फाटल्याचं लक्षण. झिजेचं दुखणं हळूहळू वाढत जातं. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. स्टेशनचा जिना उतरताना कळ येते, बराच वेळ बसून उठलं की पहिली चार पावलं जड जातात. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसात एवढं चित्र जुळलं तर संधिवात म्हणायला एमआरआय लागतच नाही.

'गुडघा लॉक होतो' या वाक्याची मात्र नीट चौकशी करा, कारण इथे फार गोंधळ होतो. बसून उठताना आखडला आणि चार पावलांनी सुटला, तर ते लॉक होणं नाही. खरा लॉक झालेला गुडघा अर्धवट वाकलेला अडकतो आणि हाताने दाबूनसुद्धा सरळ होत नाही, कारण गादीचा सुटलेला तुकडा मध्ये आलेला असतो. तसं असेल तर वेळ न घालवता ऑर्थोपेडिक सर्जनकडे जा.

दुसरं, कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला सांगा. आईंना खुर्चीत गुडघा काटकोनात वाकवून बसवा. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना मऊ खळगा लागतो. आतल्या खळग्यातून बोट हळूहळू मागे सरकवलंत की दोन हाडांमधली फट जाणवेल. नेमक्या त्या फटीत, एका बोटाच्या जागेवर, विशेषतः मागच्या बाजूला कळ असेल तर गादीचा संशय वाढतो. झिजेतही फट दुखते, पण माणूस बहुधा अख्खा तळवा गुडघ्यावर फिरवून 'इथे सगळीकडे' म्हणतो. आणि फटीच्या तीन-चार बोटं खाली, नडगीवर दुखत असेल तर कारण तिसरंच असू शकतं: तिथे स्नायूंच्या दोऱ्यांखालची पिशवी सुजते. पन्नाशीच्या बायकांमध्ये हे बरंच दिसतं आणि ते एमआरआयच्या गडबडीत राहून जातं.

आता रिपोर्टकडे. 'ग्रेड 1' किंवा 'ग्रेड 2 सिग्नल' लिहिलं असेल तर गादी जुनी झालीय एवढाच अर्थ, ती फाटलेली नाही. ग्रेड 3 म्हणजे चीर पृष्ठभागापर्यंत आलेली. पण तीही दुखतेच असं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 50 ते 90 वयाच्या 991 लोकांचे गुडघे एमआरआयवर तपासले होते, 2008 साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या निघाल्या त्यांच्यातल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता! फिनलंडमध्ये तर अशा वयाने विरलेल्या गाद्यांच्या 146 रुग्णांपैकी निम्म्यांची फाटलेली गादी कापली आणि बाकीच्यांच्या गुडघ्यात नुसती दुर्बीण घालून ऑपरेशन झाल्याचं भासवलं. वर्षभराने दोन्ही गटांना सारखाच आराम होता. म्हणून झीज असलेल्या गुडघ्यात निव्वळ रिपोर्टवरून गादी छाटायला मी तरी कोणाला सुचवणार नाही. उरलेली गादीसुद्धा भार पेलत असते.

एक अपवाद मात्र डोक्यात पक्का ठेवा. रिपोर्टमध्ये 'रूट टेअर' हे शब्द आहेत का ते बघा. गादीचं मुळाशी जोडलेलं टोकच त्यात तुटतं. माझ्याकडे आलेल्या एका काकूंना लोकलमधून फलाटावर पाय टाकताना गुडघ्याच्या मागे 'कट्' असं झालं, आणि पुढे त्यांना दादरचा पूल चढवेना. आपल्याकडच्या उकिडवं बसणाऱ्या मध्यमवयीन बायकांमध्ये हे होतं. अशी गादी भार पेलत नाही, बाहेर सरकते, आणि झीज झपाट्याने वाढते. झीज फार नसेल तर ती शिवता येते. म्हणून अशा वेळी सर्जनचं मत लवकर घ्या, तीन महिने व्यायाम करून बघू म्हणत थांबू नका.

यातलं काहीच नसेल तर आधी दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे उभ्याने काढा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट खोटी रुंद दिसते. सेकंड ओपिनियन हवं असेल तर केईएम, सायन, नायर या मुंबईतल्या महापालिकेच्या हॉस्पिटलांत केसपेपर काढून हाडांच्या ओपीडीत दाखवता येतं. वेळ जाईल, पण खर्चाचं दडपण नसतं. सोबत मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या आणि साधारण तीन महिने नेमाने करा. पहिल्या आठवड्यात थोडं जास्त दुखलं तर घाबरून सोडू नका, प्रमाण कमी करा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. मांडी घालणं, उकिडवं बसणं तूर्त बंद.

गुडघा लालसर, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल आणि हातांची बोटंही सुजत असतील तर आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा झिजेच्या संधिवातापेक्षा वेगळा) तपासण्या करा, त्याची औषधं वेगळी असतात.

रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन' असा भाग असतो. तो जसाच्या तसा इथे टाइप केलात (नाव न लिहिता) आणि दुखणं कसं सुरू झालं ते आईंना विचारून कळवलंत, तर पुढचं नेमकं सांगता येईल.