निकाल तुमच्या बाजूचा आहे, पण अर्ज कोणत्या पदाच्या नावाने करताय?

ठाण्याच्या चरईतली तुमची पोस्ट वाचली. निम्मा रस्ता अडवणारा मंडप, रात्री अकरानंतरही चालू असलेले स्पीकर, घरात नुकतीच बायपास झालेली आई. सोसायटीच्या ग्रुपवर उच्च न्यायालयाच्या आवाज आणि मंडपांवरच्या निकालाचा विषय काढला तर एकजण म्हणाले, 'कोर्टं आता सरकार चालवायला निघालीत.' दुसरे म्हणाले, 'असले निकाल पाळतं कोण?' आणि तुम्ही विचारताय, न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून सरळ अवमान याचिका टाकू का? आमच्या नौपाड्याच्या घरात यातलं जवळजवळ सगळं होऊन गेलंय. फक्त आईच्या जागी पक्षाघात झालेले माझे सासरे होते. म्हणून सविस्तर लिहिते.

मी वकील नाही. याचिकेचा निर्णय वकिलाला कागद दाखवूनच घ्या. माझा सणाला विरोधही नाही, आमच्या घरी गणपती बसतो. ११२ला फोन करणं, वेळ दिसेल असा व्हिडिओ काढणं, शेजाऱ्यांच्या सह्या घेणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

ग्रुपवरच्या पहिल्या गृहस्थांना एवढंच सांगा की रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम कोर्टाने काढलेला नाही. तो केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. निवासी भागाची दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादाही त्यातलीच. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुख्यतः हेच सांगितलं की तुम्हीच केलेला नियम तुम्ही पाळा. २०१६चा निकाल ज्या याचिकेवर आला ती आपल्या ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांची. रहदारी आणि पादचाऱ्यांची वाट अडत असेल तर रस्त्यावरच्या मंडपाला परवानगी देता येत नाही, हेही त्याच प्रकरणात न्यायालयाने बजावलं. निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती अभय ओक. त्यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातच, वडिलांच्या चेंबरमधून केली होती. म्हणजे तक्रार ठाण्याची आणि न्यायाधीशांना इथल्या गल्ल्या माहीत असलेल्या. बाहेरच्या कुणी येऊन आपल्यावर काही लादलं, असं निदान ठाणेकरांनी तरी म्हणू नये.

पुढचं बऱ्याच जणांना आठवत नाही. १० ऑगस्ट २०१७ला केंद्राने नियमच बदलला. त्याआधी रुग्णालय, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र, म्हणजे आवाजाची मर्यादा आणखी कडक असलेला भाग, धरला जायचा. नव्या नियमाप्रमाणे राज्य सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो शांतता क्षेत्र ठरत नाही. त्यावर सुनावणी सुरू असताना राज्य सरकारने न्यायमूर्ती ओक यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला आणि प्रकरण त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. वकिलांच्या संघटना उभ्या राहिल्या, मुख्य न्यायमूर्तींनी तीन दिवसांत आदेश फिरवून ओक यांच्यासह तिघांचं पूर्णपीठ नेमलं, सरकारला माफी मागावी लागली. नंतर शांतता क्षेत्रांबाबतच्या पूर्णपीठाच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. माझं मत स्पष्ट आहे. नियम बदलायचा अधिकार सरकारला आहे आणि तो बदल तपासायचा अधिकार न्यायालयाला. वरच्या न्यायालयाने खालच्याला थांबवलं तेही रीतसरच. पण निकाल पटला नाही म्हणून न्यायाधीशाच्या हेतूवर बोट ठेवणं ही सत्तेची अरेरावी होती, आणि मी ती कधीही समर्थनीय मानणार नाही.

तुमच्या कामाचा धडा असा, की अर्जात शांतता क्षेत्रावर भर देऊ नका. जवळ रुग्णालय आहे म्हणून आपणही तोच मुद्दा आधी लिहितो आणि उत्तर येतं, 'सदर ठिकाण अधिसूचित नाही.' विषय तिथेच संपतो. त्याऐवजी त्याच २०००च्या नियमांतला नियम ५(४) वाचा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. याला अधिसूचना लागत नाही. रात्री बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देता येते. ते दिवस कोणते, ही जिल्हाधिकाऱ्यांची यादी आधी हातात घ्या, नाहीतर नेमक्या सवलतीच्या रात्रीची तक्रार कराल आणि बाकीच्या रात्रींचीही किंमत जाईल.

आता आम्ही जिथे अर्ज दिला त्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, कुठल्या खात्याचं तेही सांगत नाही. तिथे आम्हाला कुणी हाकललं नाही. अर्ज घेतला, आवक शिक्का मारून पोच दिली, बसायला खुर्ची दिली. काही दिवसांनी पत्र आलं, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे.' ज्यांच्याकडे वर्ग केला त्यांनी तो 'आमच्या अखत्यारीत नाही' असा शेरा मारून परत पाठवला. मधल्या काळात आवाजाची मोजणी झाली, भर दुपारी, मंडपात चिटपाखरू नसताना. अहवालात 'आवाज विहित मर्यादेत आढळला.' विसर्जन झाल्यावर शेवटचं पत्र आलं, 'सद्यस्थितीत मंडप आढळून आला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' सासरे त्या सगळ्या रात्री कानावर उशी दाबून पडून होते. एका बाजूचा हात चालत नव्हता, म्हणून दुसऱ्या कानावरची उशी आम्ही धरायचो.

हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झाली नाही ती झेरॉक्स. एका संध्याकाळी मंडळाची मुलं दारात आली, हातात माझ्या अर्जाची प्रत. माझी सही, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, सासऱ्यांचं आजारपण, सगळं त्यावर. मुलं उद्धट नव्हती. 'काकू, आम्हाला सांगायचं ना,' एवढंच म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून आख्ख्या गल्लीला ठाऊक झालं. सासूबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. मुलाला खाली खेळायला कुणी घेईना. सासरे स्वतःलाच दोष देत राहिले, 'माझ्यामुळे झालं' म्हणत. प्रत कुणी दिली असं मी लेखी विचारलं. उत्तर आलं, 'सदर बाबत अभिलेखावर माहिती उपलब्ध नाही.' त्या एका कागदाने आमचं जे घालवलं ते कुठल्याच निकालाने परत मिळालं नाही.

म्हणून प्रशासनातल्या नैतिक सुधारणांची चर्चा फक्त लाचेभोवती फिरते तेव्हा मला राग येतो. आमच्या प्रकरणात कुणी एक रुपया घेतला असेल असं मला वाटत नाही. तरीही ते अनैतिकच होतं. तक्रारदाराचा अर्ज ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातात देणं हा विश्वासघात आहे आणि त्याला शिक्षा हवी. आपल्याकडे १९७१च्या लोकायुक्त कायद्याने गैरप्रशासनाचं गाऱ्हाणं मांडायची सोय केली, पण त्यात लोकायुक्त शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत. २०२२ साली विधानसभेने मंजूर केलेल्या नव्या विधेयकात मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणलं, मात्र त्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागेल अशी अट घातली. वरच्यांसाठी एवढी तटबंदी आणि खाली खिडकीवरच्या माणसासाठी साधी नोंदवहीसुद्धा नाही, की हा अर्ज कुणी हाताळला आणि कुणी त्याची प्रत काढली.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. २३ जानेवारी २०२५ला कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की आवाजाची तक्रार आली तर तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करा. ही तारीख अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घाला आणि 'ओळख गोपनीय ठेवावी' हे वाक्य ठळक लिहा. शक्य असेल तर अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. आजारपणाचे तपशील अजिबात देऊ नका, गरज नसते.

अवमान याचिकेचं उत्तर इथेच आहे. अमुक अधिकाऱ्याला आदेश माहीत होता आणि त्याने तो जाणूनबुजून मोडला, हे तुम्हाला दाखवावं लागेल. 'प्रशासनाने काही केलं नाही' एवढ्याने भागत नाही. त्यातच १९७१च्या अवमान कायद्यात एक वर्षाची मुदत आहे आणि वर्ग करण्याच्या खेळात ते वर्ष कधी सरतं कळत नाही. म्हणून आधी निकालातलं कर्तव्य एका पदाच्या गळ्यात घाला. मंडपाची परवानगी महापालिकेची, आवाजाची कारवाई पोलिसांची, त्यामुळे अर्ज दोन, वेगवेगळे. एकाच अर्जात दोन्ही विषय घातले की वर्ग करायला निमित्त मिळतं. प्रत्येक अर्जात विचारा की या ठिकाणासाठी जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम काय, आणि कारवाई करणार नसाल तर कारणांसह लेखी कळवा. 'साहेबांनी फोनवर सांगितलंय' असं उत्तर मिळालं तर तेही अर्जात लिहून काढा. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, अशा सूचनांची लेखी नोंद ठेवावी, असं सांगितलेलं आहे. आमच्याकडे पुढच्या वर्षी फरक पडला तो हे वाक्य घातल्यावरच, आणि तोही अर्धाच. आवाज दहाला थांबायला लागला, मंडप तिथेच राहिला.

माहिती अधिकाराचा अर्ज सणाच्या दोन महिने आधी टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, सणात टाकलात तर उत्तर सणानंतर येणार. मंडप परवान्याची प्रत, त्यातल्या अटी आणि गेल्या वर्षीच्या आवाज मोजणीच्या नोंदी मागा, मोजणीची वेळ आणि जागा यांसह. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यावरून अर्ज परत करतात. कर्मचाऱ्यांची नावं मागू नका, पदनाम मागा. २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललंय आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं झालंय. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) शाबूत आहे, पण ते वापरायला बहुतेकदा अपील लागतं आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. टपालाने पाठवणार असाल तर १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. काउंटरवर पोच पावतीची सेवा वेगळी मागून घ्या.

ग्रुपवर कुणी विचारेल, न्यायाधीशांना कोण जाब विचारणार? प्रश्न रास्त आहे, टाळू नका. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२५ला न्यायाधीशांची मालमत्ता जाहीर करायचं ठरवलं आणि ५ मेपासून ती संकेतस्थळावर आली. मला हे अपुरं वाटतं. ते स्वेच्छेवर न राहता कायद्याने बंधनकारक व्हायला हवं आणि उच्च न्यायालयांनाही लागू व्हायला हवं. न्यायालयाने उत्तरदायी असावं असं मानणारा माणूस आणि निकाल पाळला जावा असं मानणारा माणूस एकच असू शकतो.

अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, माझ्याकडचे दोन्ही देईन. आणि आज रात्रीच एक करा. तुमच्या पोस्टमध्ये इमारतीचं नाव आणि आईच्या ऑपरेशनची तारीख दोन्ही आहेत. ती ओळ काढून टाका आणि गॅलरीतून काढलेला फोटोही. त्यात समोरच्या दुकानाची पाटी दिसते, त्यावरून घर ओळखू येतं.