ब्राझीलची थंडी आणि रावपुऱ्यातली कॉफी

प्रश्न: काका, रावपुऱ्यातल्या एकाच दुकानातून मी बारा वर्षं कॉफीची पूड घेते. गेल्या दोन-तीन वर्षांत भाव इतका चढला की पाव किलो सांगताना आवाज खाली येतो. दुकानदाराचं एकच उत्तर, "ब्राझीलमध्ये पाऊस नाही." आपली कॉफी तर कर्नाटकातून येते ना? तो थापा मारतो का? आणि भाव उतरायची वाट पाहू, की चार किलो भरून ठेवू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: थापा नाही मारत, ताई. अर्धंच सांगतो, एवढंच.

नोकरीची अकरा वर्षं मी कर्नाटकातल्या सकलेशपूरला एका कॉफी इस्टेटीवर हिशेब लिहिले. बडोद्याचा माणूस, चहावर वाढलेला, कॉफीतलं काही कळत नव्हतं. तिथं पहिली गोष्ट कळली ती ही, की मालक आपल्या डोंगराकडे पाहतो तितकाच लंडनकडे पाहतो. कॉफीच्या मुख्य जाती दोन, रोबस्टा आणि अरेबिका. रोबस्टाचा भाव लंडनच्या वायदेबाजारात ठरतो, अरेबिकाचा न्यूयॉर्कच्या. आपल्या देशातली बहुतेक कॉफी बाहेर जाते. तिकडे चढा भाव मिळत असताना मळेवाला बडोद्याला स्वस्तात का देईल?

आता ब्राझील. जगातली साधारण तिसरा हिस्सा कॉफी एकटा तोच पिकवतो, म्हणून तिथं शिंक आली की सगळ्यांना सर्दी. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. 1975च्या जुलैत पाराना प्रांतात अशी थंडी पडली की उभे मळे काळे पडले. त्या सालचं बरंचसं पीक तोडून झालं होतं, तरी बाजार लगेच पेटला, कारण मेली होती ती पुढची पिकं. नवं रोप लावलं तर फळ धरायला तीन-चार वर्षं. 1977 मध्ये अरेबिकाचा भाव पौंडाला, म्हणजे साडेचारशे ग्रॅमला, 3 डॉलरच्या वर गेला. तो विक्रम 2024च्या अखेरीस मोडला आणि 2025च्या फेब्रुवारीत 4 डॉलरही ओलांडले. या वेळी कारण दुष्काळाचं होतं. त्याच 2024 मध्ये रोबस्टा सगळ्यात जास्त पिकवणाऱ्या व्हिएतनामलाही कोरड पडली, म्हणजे दोन्ही हात एकदम अडकले.

आपल्याकडचा पाऊस वेगळाच छळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीवर कळ्या गप्प बसलेल्या असतात. एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत सगळा डोंगर पांढरा होतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो. नुसता शिडकावा झाला तर कळी अर्धवट जागी होते आणि सुकते. फुलं उघडली त्याच दिवशी पाऊस आला तर पराग वाहून जातात. आमचे मॅनेजर त्या आठवड्यात जेवताना खिडकीकडे तोंड करून बसत.

त्यात जानेवारीतला पाऊस तर वैऱ्यालाही नको. एका वर्षी यार्डावर, म्हणजे वाळवणाच्या अंगणात, चेरी (कॉफीची तोडलेली फळं) वाळत पसरली होती आणि रात्री सरी आल्या. आम्ही ताडपत्र्या ओढल्या. सकाळी खाली हात घातला तर आत वाफ, आणि आंबूस वास. तो माल पुढं कमी भावात गेला. चूक कुणाची यावर दोन दिवस भांडण झालं. माझ्या वहीत मात्र एकच ओळ आली.

भाव उतरेल का? बाजारात उतरला तरी तुमच्या दुकानात उशिरा दिसेल. त्यानं महागात घेतलेलं बी आधी संपायला हवं, आणि भाजताना किलोमागे दीड-दोनशे ग्रॅम वजन उडतं, ते वेगळंच. चार किलो पूड अजिबात भरू नका. बडोद्याच्या पावसाळी हवेत महिन्याभरात तिचा वास जातो. मग तुम्ही महागातलं काळं पाणी पिणार.

त्यापेक्षा चिकोरीकडे, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीकडे, लक्ष द्या. ती आपल्या शेजारी आणंद-खेडा भागात पिकते आणि कॉफीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. कॉफी महागली की पुडीत तिचा हात सैल होतो. कायद्यानं ती 49 टक्क्यांपर्यंत चालते, पण पाकिटावर प्रमाण लिहायला हवं. सुटी पूड घेत असाल तर ग्लासभर गार पाण्यावर चमचाभर भुरभुरा. कॉफी बराच वेळ तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत लगेच तळाला जाते. तुमच्या बारा वर्षांच्या पुडीत किती रेघा उतरल्या, ते मला जरूर कळवा.