विद्यापीठात अरबी सुलेखन शिकवताना सुरुवात कुठून करावी? अरबी न येणाऱ्या मुलांना ते जमतं का?

जमतं. उलट सुरुवातीला अरबी मातृभाषा असलेली मुलंच जास्त अडतात, असा माझा अनुभव आहे. शारजात मी डिझाइनच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. अरब मुलगा शब्द वाचतो आणि रोजच्या घाईच्या अक्षरात लिहून मोकळा होतो. केरळची किंवा फिलिपिन्सची मुलगी अक्षराचा आकार निरखत बसते. तिची चूक वेगळी: दाल, रा, वाव ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडायची नसतात, हे ती विसरते.

सुरुवात नुक्त्यापासूनच करा. बोरूचं टोक तिरपं टेकवून जरासं ओढलं की चौकोनी ठिपका उमटतो, तोच नुक्ता, तेच माप. ही प्रमाणबद्धता दहाव्या शतकातला बगदादचा वजीर इब्न मुक्ला याच्या नावावर सांगतात. नस्ख या शैलीत अलिफ (उभ्या रेघेचं पहिलं अक्षर) साधारण पाच नुक्त्यांचा, सुलुस या शैलीत सातांचा. बोरू बदलला की नुक्ता बदलतो आणि अख्खं अक्षर त्या हिशेबानं लहानमोठं होतं. एकदा हे डोक्यात बसलं की मुलं 'सर, छान दिसतंय का?' विचारायचं सोडून मोजायला लागतात.

बोरू ज्याचा त्यानंच तासायचा. मार्करनं वेळ वाचतो खरा, पण टोक झिजलं की रेघेची कड कशी फाटते आणि नव्यानं छाटल्यावर तोच हात कसा स्वच्छ चालतो, हे मार्कर शिकवत नाही. दौतीत रेशमाचा पुंजका ठेवा, म्हणजे बोरू भसकन शाई उचलत नाही. कागद गुळगुळीत हवा. जुने कातिब, म्हणजे हस्तलिखितं लिहिणारे, त्यावर खळ किंवा अंड्याचा पांढरा भाग चढवून अकीकानं घोटायचे. शाई वरच राहायची, चुकलं तर पुसता यायचं. वर्गात ग्लॉसी आर्ट पेपर चालतो.

खरी अडचण सेमिस्टरची. इस्तंबूलच्या परंपरेत उस्तादाकडून इजाजा, म्हणजे स्वतःच्या नावानं लिहायची परवानगी, मिळायला वर्षं जातात, आपल्या हाती जेमतेम चार महिने. विभागाला परंपरेतल्या सहाही शैलींचा 'परिचय' हवा असतो. मी फक्त नस्ख घेतो. कुफी या कोनदार शैलीची पोस्टरं मुलं यूट्यूब बघून करतातच.

कित्ता तपासताना मुलाच्या ओळीखाली, त्याच्यासमोर, लाल शाईनं अक्षर काढून दाखवा. वर्ग मोठा असेल तर हातावर फोनचा कॅमेरा लावून पडद्यावर दाखवा. गुण या तपासलेल्या कित्त्यांना जास्त ठेवा, शेवटच्या सजवलेल्या पानाला कमी. नाहीतर मुलं टॅबवर ट्रेस करून आणतात. ते ओळखणं मात्र सोपं: ट्रेस केलेल्या अक्षरात नुक्त्याची रुंदी आणि रेघेची जाडी जुळत नाही.