अमेरिकेत घटनेनेच बंदुकीचा हक्क दिलाय, मग सरकार त्यावर निर्बंध कसे घालू शकतं?

घालू शकतं, कारण हा हक्क घटनेतला असला तरी अमर्याद नाही, आणि हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय. २००८ च्या हेलर खटल्यात न्यायालयाने वॉशिंग्टन डीसीमधली पिस्तूलबंदी रद्द केली. स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरला. बंदूकसमर्थक हाच निकाल पुढे करतात. पण त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी स्पष्ट लिहिलंय, की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना बंदूक बाळगू न देणं, शाळांत आणि सरकारी इमारतींत ती नेऊ न देणं, अशा जुन्या निर्बंधांवर या निकालाने शंका घेतलेली नाही. वादात हा भाग सोयीस्करपणे गाळला जातो, ते मला फार खटकतं. २०२४ च्या रहिमी खटल्यात तर ८ विरुद्ध १ मतांनी ठरलं, की घरातल्या हिंसाचारावरून ज्याच्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई आदेश आहे आणि ज्याच्यापासून दुसऱ्याच्या शारीरिक सुरक्षेला धोका असल्याचं न्यायालयाला आढळलंय, त्याला तात्पुरती बंदूक नाकारता येते. मात्र २०२२ च्या ब्रुएन निकालापासून सरकारचं काम अवघड झालंय: निर्बंधाला देशाच्या जुन्या कायदेपरंपरेतला आधार दाखवावा लागतो, नुसतं ‘लोकांच्या सुरक्षेसाठी’ म्हणून भागत नाही.